अव्यक्त फंक्शनमधून अचूक मेश: ग्रिड बारीक करण्याआधी काय तपासायचं

अव्यक्त फंक्शन म्हणजे प्रत्येक बिंदू भागाच्या आत की बाहेर हे किमतीने सांगणारं सूत्र. त्यातून मेश (त्रिकोणांनी विणलेला पृष्ठभाग) काढली आणि भोक अरुंद आलं किंवा धारा बोथट झाल्या, की पहिला हात जातो तो ग्रिडच्या, म्हणजे फंक्शन जिथे मोजतो त्या बिंदूंच्या जाळीच्या, रेझोल्यूशनकडे. ०.५ मिमीचे सेल (जाळीतले छोटे घन) ०.१ मिमी करायचे, मेमरी भरेपर्यंत वाट पाहायची. गोलाई त्याने सुधारते. धारा मात्र बोथटच राहतात, फक्त बोथटपणा बारीक होतो. अचूकता खरी ठरते ती दुसरीकडे: फंक्शन कसं लिहिलंय, पृष्ठभाग सेलच्या कडेला नेमका कुठे छेदतो ते कसं शोधलंय आणि शिरोबिंदू कुठे ठेवलाय. या तीन गोष्टी धड असतील तर ०.५ मिमीची ग्रिडही पुरते.

पुढे सगळीकडे एकच भाग घेऊ: ६०८ बेअरिंगचं घर. या बेअरिंगचं आतलं भोक ८ मिमी, बाहेरचा व्यास २२ मिमी आणि रुंदी ७ मिमी. त्यासाठी ४० × ४० × १० मिमीचा ठोकळा, वरून २२ मिमी व्यासाची ७ मिमी खोल खाच आणि तळातून १४ मिमीचं आरपार भोक. सपाट बाजू, गोल भिंत, काटकोनी धारा असं सगळं त्यात आहे आणि मापं चुकली की बेअरिंग बसत नाही, त्यामुळे चूक लपत नाही.

फंक्शन

ठोकळ्याच्या आत किंमत ऋण, बाहेर धन, पृष्ठभागावर शून्य, हा संकेत धरू. ठोकळ्याचा मध्य शून्यावर ठेवला तर सर्वांत सोपं फंक्शन म्हणजे तिन्ही अक्षांवरच्या (निरपेक्ष अंतर वजा अर्धी लांबी) या किमतींतली मोठी किंमत. यातून मिळणारा शून्याचा पृष्ठभाग बरोबर असतो, पण बाहेरची किंमत हे खरं अंतर नसतं. एका बाजूपासून ३ मिमी आणि दुसरीपासून ४ मिमी बाहेर असलेल्या बिंदूचं धारेपासूनचं खरं अंतर ५ मिमी. हे फंक्शन ४ सांगतं. नुसता ठोकळा हवा असेल तर बिघडत नाही. पण याच फंक्शनमधून २ वजा करून ठोकळा चहूबाजूंनी २ मिमी फुगवायला गेलात, तर गोल व्हायला हवेत ते कोपरे टोकदारच राहतात. फुगवायचं किंवा पोकळ कवच करायचं असेल, तर ठोकळ्याचं युक्लिडीय अंतर देणारं सूत्र वापरा: बाहेर असलेल्या घटकांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ, आत असाल तर शून्याच्या सर्वांत जवळचा ऋण घटक.

वजाबाकी म्हणजे ठोकळ्याची किंमत आणि खाचेची उलट चिन्हाची किंमत यांतली मोठी. इथे एक हमखास फसगत होते. ठोकळा खालून वर −५ ते +५ मिमी. खाच ७ मिमी खोल, म्हणजे −२ ते +५. दंडगोल बरोबर +५ ला संपवला तर खाचेच्या तोंडावर दोन्ही फंक्शनची किंमत एकाच वेळी शून्य होते, आणि फ्लोटिंग पॉइंटच्या कुरबुरीतून तिथे त्रिकोणांचा एक पातळ पापुद्रा तयार होतो. कधी पूर्ण, कधी फाटका. म्हणून कापणारा आकार नेहमी बाहेर काढा: खाचेचा दंडगोल −२ ते +७, आरपार भोकाचा −७ ते −१. हे ग्रिडने सुटत नाही, फंक्शनमध्येच सोडवावं लागतं.

पुढचा प्रश्न ग्रेडियंटच्या लांबीचा, म्हणजे फंक्शनची किंमत दर मिलिमीटरला जास्तीत जास्त किती बदलते त्याचा. खऱ्या अंतर-फंक्शनचा ग्रेडियंट सगळीकडे १ असतो. आकार पिळला, किंवा एका अक्षावर जास्त आणि दुसऱ्यावर कमी ताणला, की तो १ च्या वर जाऊ शकतो, आणि पुढे ‘इथे पृष्ठभाग नाहीच’ म्हणून जे भाग आपण वगळणार आहोत ते चुकीचे वगळले जातात. तपासणी स्वस्त आहे: भागाला वेढणाऱ्या डब्यात यादृच्छिक १०,००० बिंदू घ्या, ग्रेडियंटची लांबी मोजा, सर्वांत मोठी लांबी १ च्या वर असेल तर सगळं फंक्शन तिने भागा, वर थोडी सूट ठेवा.

गायरॉइड हे याचं सगळ्यांत ठळक उदाहरण. अॅलन शोएन यांनी नासात असताना १९७० मध्ये मांडलेला हा पृष्ठभाग आज थ्रीडी प्रिंटिंगमध्ये भराव म्हणून सर्रास वापरला जातो. मेश काढण्यासाठी लोक वापरतात ते त्याचं त्रिकोणमितीय सूत्र, तीन साइन-कोसाइन गुणाकारांची बेरीज. या बेरजेची निरपेक्ष किंमत ०.३ पेक्षा कमी तिथे भिंत, असं लिहिलं की भिंत सगळीकडे सारखी जाड येईल असं वाटतं. येत नाही. पृष्ठभागावरच्या एका बिंदूवर (उदाहरणार्थ मूळबिंदूवर) ग्रेडियंटची लांबी १.७३ असते, कोन अनुक्रमे ९०, १३५ आणि ० अंश घेतले तर तोही बिंदू पृष्ठभागावरच, पण तिथे ती १.४१. आवर्तन १० मिमी धरलं तर पहिल्या ठिकाणी भिंत सुमारे ०.५५ मिमी आणि दुसऱ्या ठिकाणी ०.६८ मिमी. ०.४ मिमीच्या नोझलला हा फरक लहान नाही. उपाय: फंक्शनच्या किमतीला त्याच बिंदूवरच्या ग्रेडियंटच्या लांबीने भागा. हे पृष्ठभागाजवळ अंतराचा चांगला अंदाज देतं. मात्र ग्रेडियंट शून्याला टेकतो तिथे भागाकार फुटतो, म्हणून छेदाला एक किमान मर्यादा घाला आणि हे भागाकारातलं फंक्शन पृष्ठभागापासून लांब वापरू नका.

ग्रिड

डबा भागापेक्षा प्रत्येक बाजूला दोन सेल मोठा ठेवा. तो भागाला चिकटला की मेश कडेला उघडी राहते. ०.५ मिमीला आपला डबा ४२ × ४२ × १२ मिमी होतो, म्हणजे ८४ × ८४ × २४ सेल आणि १,८०,६२५ बिंदू. ०.१ मिमीला तेच १,७२,२२,६२५ बिंदू होतात. एकेरी अचूकतेत (३२ बिट) ही किमतींची साठवण फक्त ६९ एमबी आहे, पण फंक्शनमध्ये शंभरेक आकार जोडलेले असतील तर तितक्या वेळा मूल्यमापन होतं, आणि वेळ तिथे जातो.

म्हणून सगळे बिंदू तपासू नका. ग्रिडचे १६ सेलच्या बाजूचे ठोकळे करा, ०.५ मिमीला प्रत्येक ८ मिमीचा. ठोकळ्याच्या मध्यावर फंक्शनची निरपेक्ष किंमत अर्ध्या कर्णापेक्षा, म्हणजे ६.९३ मिमीपेक्षा, जास्त असेल तर आत पृष्ठभाग असूच शकत नाही, सोडून द्या. ही हमी ग्रेडियंट १ च्या आत असल्यावरच टिकते, म्हणून वरची तपासणी आधी. आपल्या चपट्या भागाला याचा फायदा कमी होतो, मोठ्या रिकाम्या डब्यात प्रचंड होतो.

ग्रिडच्या रेषा भागाच्या बाजूंवर बरोबर बसू देऊ नका. ४० मिमीचा ठोकळा आणि ०.५ मिमीची सरळ मांडलेली ग्रिड म्हणजे हजारो बिंदूंवर किंमत नेमकी शून्य, आणि त्यातून शून्य क्षेत्रफळाचे त्रिकोण. ग्रिडचा आरंभबिंदू तिन्ही अक्षांवर सेलच्या ०.३७ पट सरकवा. शिवाय ‘शून्यापेक्षा कमी म्हणजे आत, बाकी सगळं बाहेर’ हा एकच नियम कोडमध्ये सगळीकडे ठेवा. एका जागी ‘कमी किंवा समान’ आणि दुसऱ्या जागी नुसतं ‘कमी’ असेल तर मेशला भगदाडं पडतात.

सर्वांत पातळ भिंतीत किमान तीन सेल बसले पाहिजेत. एका सेलहून पातळ भिंत दोन बिंदूंच्या मधून निसटते आणि कुठलीही पद्धत तिला परत आणत नाही. रेझोल्यूशन वाढवण्याचं हे एक खरं कारण.

मार्चिंग क्यूब्ज कुठे पुरतं, कुठे नाही

विल्यम लॉरेन्सन आणि हार्वी क्लाइन यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करताना १९८७ मध्ये मार्चिंग क्यूब्ज ही मेश काढायची पद्धत प्रसिद्ध केली, मुख्यतः वैद्यकीय स्कॅनसाठी. सेलच्या आठ कोपऱ्यांच्या चिन्हांतून २५६ शक्यता, प्रत्येकीसाठी तक्त्यात त्रिकोण ठरलेले. मूळ मांडणीत हे २५६ प्रकार सममितीने १५ वर आणले होते आणि तिथेच गोम होती: एका बाजूच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांची चिन्हं सारखी आणि उरलेल्या दोघांची उलट असली, तर शेजारचे दोन सेल ती बाजू वेगवेगळ्या तऱ्हेने जोडू शकतात आणि मध्ये छिद्र राहतं. तक्ता स्वतः टाइप करत बसू नका. लेविनर आणि सहकाऱ्यांची २००३ ची आवृत्ती हे प्रकार नीट हाताळते. पायथॉनच्या सायकिट-इमेज लायब्ररीमध्ये तीच मुळात बसवलेली आहे. फक्त तिथे सेलचं माप सांगायला विसरू नका, नाहीतर मेश मिलिमीटरऐवजी सेलच्या एककात येते.

आता खरा मुद्दा. मार्चिंग क्यूब्जची ही तयार फंक्शनं सेलच्या कडेच्या दोन टोकांच्या किमतींवरून सरळ रेषेने छेदबिंदू काढतात. गोल भिंतीवर ते छान चालतं. धारेजवळ बघा काय होतं. सेलची बाजू ०.५ मिमी. आतल्या कोपऱ्यापासून ठोकळ्याची एक बाजू ०.४ मिमीवर, दुसरी ०.१ मिमीवर. त्या कोपऱ्यावर फंक्शनची किंमत −०.१, कारण जवळची बाजू ०.१ वर आहे. पहिल्या बाजूला काटकोनात जाणाऱ्या कडेच्या दुसऱ्या टोकाला किंमत +०.१. सरळ रेषेने शून्य मध्यावर, म्हणजे ०.२५ मिमीवर येतं. बाजू आहे ०.४ वर. सपाट बाजूवर, जिथे कुठलीही वक्रता नाही, तिथे ०.१५ मिमीची चूक! धारेलगत दिसणारे ते दातेरी खळगे याचेच. प्रत्येक जण आधी त्याचं खापर ग्रिडवर फोडतो.

फंक्शन हाताशी असेल तर उपाय सोपा: कडेच्या दोन टोकांमध्ये दहा वेळा अर्धे-अर्धे करत शून्य शोधा. ०.५ मिमीचे १,०२४ भाग होतात, म्हणजे चूक ०.०००५ मिमीच्या आत. चिन्ह बदलणाऱ्या कडा एकूण कडांच्या मानाने थोड्या असतात, त्यामुळे हा खर्च जाणवत नाही. सीटी स्कॅनसारखी नुसती ग्रिडवरची आकडेवारी असेल तर हा मार्ग बंद. तिथे सरळ रेषेवर किंवा घनीय इंटरपोलेशनवर भागवावं लागतं.

छेदबिंदू बरोबर झाले तरी धार अजून कापलेली राहते, कारण मार्चिंग क्यूब्जचे शिरोबिंदू फक्त सेलच्या कडांवर बसतात आणि धार सेलच्या पोटात असते. काटकोनी धारेवर सर्वांत वाईट स्थितीत सेलच्या बाजूच्या ०.७ पट कापली जाते: ०.५ मिमीला ०.३५ मिमी, ०.१ ला ०.०७. गोल भिंतीवर मात्र जीवेची खोली (सरळ त्रिकोण आणि खरा वक्र यांतलं अंतर) सेलच्या लांबीच्या वर्गाने घटते. ११ मिमी त्रिज्येला ०.५ मिमीच्या सेलमध्ये ती फार तर ०.००६ मिमी; २ मिमीच्या सेलला ०.०९. भोकाच्या बाबतीत जीवा पोकळीत घुसते, म्हणजे भोक तेवढं अरुंद होतं, खुंटी असेल तर बारीक होते. बसणीची सूट द्यायची ती फंक्शनमध्ये द्या: बेअरिंगभोवती ०.१ मिमी व्यासाची मोकळीक हवी तर खाचेची त्रिज्या ११.०५. मेशला नंतर स्केल करू नका. ठोकळ्याचीही मापं बदलतील.

ड्युअल कंटूरिंग

धारा हव्या असतील तर ही पद्धत. जू, लोसासो, शेफर आणि वॉरन यांनी २००२ मध्ये मांडलेली. शिरोबिंदू सेलच्या पोटात कुठेही बसतो, हीच तिची ताकद.

१. चिन्ह बदलणारी प्रत्येक कड शोधा, तिच्यावर वर सांगितल्याप्रमाणे छेदबिंदू काढा, आणि त्या बिंदूवरचा नॉर्मल (पृष्ठभागाला लंब दिशा) साठवा. नॉर्मल शक्यतो ऑटोमॅटिक डिफरन्सिएशनने (कोडने थेट काढलेल्या अवकलजाने) घ्या, ‘मोठी किंमत’ निवडताना जी बाजू जिंकली तिचाच ग्रेडियंट. मध्यवर्ती फरकाने (बिंदूच्या दोन्ही बाजूंच्या किमतींच्या फरकावरून) घ्यायचा असेल तर दुहेरी अचूकता वापरा. एकेरी अचूकतेत ४० मिमीच्या आसपास दोन लगतच्या संख्यांमधलं अंतरच ०.०००००३८ मिमी असतं, ०.०००१ मिमीची पायरी घेतली तर नॉर्मलमध्ये दोनेक टक्के गोंधळ नुसत्या गोळाबेरजेतून येतो. पायरी मोठी केली तर ती धारेच्या पलीकडे पोचते आणि दोन बाजूंची सरासरी देते, जी कुठल्याच बाजूची नसते.

२. प्रत्येक सेलमधल्या छेदबिंदूंमधून त्यांच्या नॉर्मलला लंब अशी प्रतलं समजा. त्या सगळ्या प्रतलांपासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी जिथे होते, तिथे शिरोबिंदू. धारेवर दोन प्रतलं छेदतात तिथे, कोपऱ्यावर तीन छेदतात तिथे तो आपोआप जातो.

३. सपाट भागात सगळे नॉर्मल सारखेच, त्यामुळे हे समीकरण मोकळं पडतं आणि शिरोबिंदू सेल सोडून भलतीकडे पळतो. म्हणून गणित मूळबिंदूभोवती न करता छेदबिंदूंच्या सरासरीभोवती करा, आणि नॉर्मलच्या मॅट्रिक्सच्या सिंग्युलर किमतींपैकी (नॉर्मल कुठल्या दिशेला किती पसरलेत त्याच्या मापांपैकी) सर्वांत मोठीच्या ०.१ पटीपेक्षा लहान असलेल्या शून्य धरा.

या ०.१ चा अर्थ समजून वापरा. दोन नॉर्मलमध्ये कोन असेल तर किमतींचं गुणोत्तर त्या कोनाच्या निम्म्याच्या टॅन इतकं येतं. ०.१ म्हणजे सुमारे ११ अंश. त्याहून बोथट घडी सपाट धरली जाईल. आपल्या गोल भिंतीवर एका सेलमध्ये नॉर्मल जेमतेम ३ ते ४ अंश वळतो, म्हणून ती गुळगुळीत राहते, आणि ९० अंशांच्या धारा टिकतात. तुमच्या भागात ८ अंशांची घडी महत्त्वाची असेल तर मर्यादा ०.०५ करा. आणखी एक: बरेच जण मूळ मॅट्रिक्सऐवजी तिच्या ट्रान्सपोजशी केलेल्या गुणाकाराच्या आयगन किमती काढतात. त्या वर्ग असतात. तिथे ०.१ ऐवजी ०.०१ लिहायचं. हे विसरलं की धारा ११ अंशांच्या पुढच्याही गोल व्हायला लागतात, सुमारे ३५ अंशांपर्यंतच्या, आणि कारण सापडता सापडत नाही.

४. शिरोबिंदू सेलच्या बाहेर गेलाच तर त्याला सेलमध्ये परत आणा. धार किंचित बिघडेल, पण त्रिकोण एकमेकांत घुसण्याची शक्यता बरीच कमी होईल. छापायच्या भागासाठी हा सौदा परवडतो.

५. चिन्ह बदलणाऱ्या प्रत्येक कडेभोवतीच्या चार सेलचे शिरोबिंदू जोडून चौकोन करा. फिरवण्याची दिशा कडेचं कुठलं टोक आत आहे त्यावरून. चौकोनाचे दोन त्रिकोण करताना दोन्ही कर्णांच्या मध्यांवर फंक्शन तपासा आणि ज्याची किंमत शून्याच्या जवळ तो कर्ण निवडा. आंधळेपणाने एकच कर्ण घेतला तर धारा करवतीसारख्या दिसतात.

एक मर्यादा उरते. एका सेलमधून पृष्ठभागाचे दोन पापुद्रे गेले तरी शिरोबिंदू एकच, आणि तिथे मेश चिमटीत धरल्यासारखी जोडली जाते; एका कडेला चार त्रिकोण लागतात. स्लायसर (छपाईसाठी मेशचे थर पाडणारे प्रोग्रॅम) इथेच तक्रार करतात. २००७ ची मॅनिफोल्ड ड्युअल कंटूरिंग प्रत्येक पापुद्र्याला वेगळा शिरोबिंदू देते. ते लिहायची तयारी नसेल तर तेवढ्या सेलपुरती ग्रिड बारीक करा.

तपासणी

डोळ्यांनी बघून समाधान मानू नका. शेडिंग गुळगुळीत केलेलं असेल तर कापलेली धारही छान दिसते.

आधी जोडणी. प्रत्येक कडेला बरोबर दोन त्रिकोण हवेत. आपल्या भागात एक आरपार भोक आहे, म्हणून शिरोबिंदू वजा कडा अधिक त्रिकोण यांचं उत्तर शून्य यायला हवं. म्हणजेच त्रिकोणांची संख्या शिरोबिंदूंच्या बरोबर दुप्पट. २ आलं तर भोक बुजलंय किंवा कुठेतरी वेगळा तुकडा तरंगतोय.

मग घनफळ. ठोकळा १६,०००, खाच २,६६०.९३, तळाचं भोक ४६१.८१, उरतात १२,८७७.२६ घन मिमी (बसणीची सूट देण्याआधी). चिन्ह ऋण आलं तर त्रिकोण उलटे फिरलेत.

नंतर विचलन. फक्त शिरोबिंदूंवर फंक्शन मोजलं तर उत्तर नेहमीच सुंदर येतं, कारण ते तिथेच बसवलेले असतात. त्रिकोणांच्या मध्यांवर आणि कडांच्या मध्यांवर मोजा, ग्रेडियंटच्या लांबीने भागा, सर्वांत मोठी किंमत बघा. कापलेल्या धारा इथे उघड्या पडतात. पण गायब झालेली पातळ भिंत या मापात दिसत नाही, कारण जे मेशमध्ये नाही तिथे आपण मोजतच नाही. त्यासाठी उलट दिशेने जा: फंक्शनच्या पृष्ठभागावर बिंदू पेरा आणि प्रत्येकाचं मेशपासूनचं अंतर काढा.

गोल भागात थोडं विचलन उरलं तर शिरोबिंदू ग्रेडियंटच्या दिशेने पृष्ठभागावर सरकवता येतात: किंमत भागिले ग्रेडियंटच्या लांबीचा वर्ग, गुणिले ग्रेडियंट, तेवढं मागे. दोन-तीन फेऱ्या, प्रत्येक वेळी अर्ध्या सेलपेक्षा जास्त नाही. धारेवरच्या शिरोबिंदूंना हात लावू नका; तिथे ग्रेडियंट एका बाजूवरून दुसरीवर उड्या मारतो आणि ड्युअल कंटूरिंगने कमावलेली धार हातची जाते.

फाइल लिहिताना एसटीएल टाळता आलं तर टाळा. बायनरी एसटीएलमध्ये ८४ बाइट मथळ्याचे आणि दर त्रिकोणाला ५० बाइट, पण शिरोबिंदूंची जोडणी नसते आणि मापाचं एककही नसतं. उघडणाऱ्या प्रोग्रॅमला सारखे शिरोबिंदू पुन्हा शोधून जोडावे लागतात, आणि जोडण्याची मर्यादा ढिली असेल तर तुमचे बारीक त्रिकोण तो गिळतो. थ्रीएमएफ प्रकारच्या फाइलमध्ये जोडणी आणि एकक दोन्ही जातात. एसटीएलच हवी असेल तर ती पुन्हा वाचून घनफळ आणि जोडणीची तपासणी त्या वाचलेल्या मेशवर परत चालवा.